शेवटचे तीस सेकंद

माझ्या दादाने आयुष्यात किती गाणी ऐकली, तर लाखाच्या घरात. पूर्ण किती ऐकली, तर बहुधा एकच.

तो कॅसेटच्या कारखान्यात तपासनीस होता. शाळा संपल्या संपल्या लागला, तो कारखान्याला कुलूप लागेपर्यंत तिथेच होता. लांबलचक टेबल, त्यावर आठ प्लेअर, आठ हेडफोन, सहा बायका आणि दोन पुरुष. दर शंभर कॅसेटींमागे एक या टेबलावर यायची. पहिल्या बाजूचे पहिले तीस सेकंद ऐकायचे, टेप पुढे पळवायची, शेवटचे तीस सेकंद ऐकायचे, मग कॅसेट उलटून दुसऱ्या बाजूचं तसंच. कॅसेट ठीक असली की कार्डावर खूण करायची आणि पुढची उचलायची. भजन असो, बडबडगीत असो, भाषण असो की परदेशी बँड असो, सगळ्यांना तीस आणि तीस. शेजारच्या बायका त्याला कानसेन म्हणायच्या, कारण त्यांना जी खरखर दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळायची, ती याला पहिल्यांदाच कळायची.

वहिनी त्याच कारखान्यात, वेष्टनाच्या खोलीत. कॅसेटच्या डबीत जो घडी घातलेला कागद असतो तो घालणं हे तिचं काम. बोलायला लागली की थांबायची नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा जेवताना म्हणाली, "यांना काही सांगायचं असलं की मी सुरुवात सांगते आणि शेवट सांगते. मधलं ऐकायची सवयच नाही." आम्ही सगळे हसलो. दादाही हसला, पण जरा उशिरा, म्हणजे वहिनीचं म्हणणं खरंच असावं.

टेबलावर कुणी नवीन आलं की त्याला शिकवायचं काम दादाकडे. खरखर कशी ओळखायची, आवाज मंद कधी समजायचा, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे गळती. टेप असते बोटाएवढीही रुंद नाही, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंची गाणी शेजारी शेजारी छापलेली, एक सुलट दिशेने आणि एक उलट. छापणारं यंत्र केसभर जरी सरकलं तरी एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूत झिरपतो. तो अगदी पुसट असतो आणि उलटा ऐकू येतो. गाणं चालू असताना लक्षात येत नाही, म्हणून शेवट नीट ऐकायचा. दादा नव्या माणसांना सांगायचा, "गाणं संपल्यावर मागे कुणी उलटं बोलताना ऐकू आलं, की लगेच हात वर करा. आपण गाणं ऐकायला बसलेलो नाही." मग तो सगळा माल परत जायचा.

वहिनी आजारी पडली ती अकरा दिवस. रक्तात काहीतरी पसरलं होतं. ती गेली तेव्हा दादा खाली औषधांच्या दुकानात रांगेत उभा होता. वर आला तर पलंगाभोवती पडदा ओढलेला. मी त्याच्याबरोबरच वर आले होते, पण त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. पडद्याजवळ उभ्या असलेल्या नर्सला त्याने विचारलं, शेवटी ती काही बोलली का. नर्स म्हणाली, मी आत्ताच आले ड्युटीवर.

पाचव्या दिवशी तो कामावर गेला. घरात बसून काय करणार होता? त्या दिवशी टेबलावर एका परदेशी रॉक बँडची कॅसेट आली. डबीवर लांब केसांची चार पोरं, हातात गिटारी. त्या वर्षी ती कॅसेट सगळीकडे वाजत होती, हजामाच्या दुकानापासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं संथ होतं. गायकाचा आवाज फाटलेला, एकच ओळ तो पुन्हा पुन्हा म्हणतो आणि म्हणता म्हणता लांब जातो. गाणं संपत नाही, कुणीतरी बटण हळूहळू खाली करतं. गिटार गेली, ढोल गेला, गायक गेला. आणि दादा सांगतो, सगळं गेल्यावर, शांतता झाल्यावर, फार लांबून एक आवाज आला. शब्द नव्हते. खाली उतरत जाणारी हाक असावी तशी. एकदा, मग पुन्हा, अशी चार वेळा. ती सगळी मंडळी भिंतीपलीकडे कुठेतरी अजून गातच असावीत, आणि आपल्याकडचं बटणच तेवढं बंद झालंय, असं त्याला वाटलं.

त्याने कार्डावर खूण केली. सगळा माल बाजारात गेला. ती एक कॅसेट तो खिशात घालून घरी घेऊन आला. सत्तावीस वर्षांतली त्याची ही एकुलती एक चोरी.

कारखाना बंद पडल्यावर दादा आमच्याकडे राहायला आला. माझे यजमान दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा येतात, त्यामुळे मागची खोली रिकामीच होती. तो आला, त्याचा प्लेअर आला, कारखाना मोडताना मिळालेला हेडफोन आला आणि ती कॅसेट आली. रोज चार वाजता, म्हणजे कारखान्याची पाळी सुटायची त्या वेळेला, तो दार लोटून बसायचा आणि ते एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून. माझे यजमान म्हणायचे, या वयात रॉक, तुझा भाऊ म्हणजे कमाल आहे. मीही थट्टा केली आहे. गाण्याचा अर्थ तरी माहीत आहे का, असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "नको सांगू. अर्थ कळला की गाण्याचा अर्ज होतो, कुणाकडे तरी काहीतरी मागणारा."

अर्थ मला माहीत होता. कॉलेजात असताना मीही ते गाणं ऐकलं होतं. मुलगी सोडून गेली आहे, फोन उचलत नाही, गाडीत बसून वाट बघतोय, इतकंच. पण दादा त्या खोलीतून बाहेर यायचा तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. ज्या माणसाने बायकोचा शेवट ऐकला नाही, त्याला असं काही ऐकू येत असेल तर आपण कोण मोडता घालणार, असं म्हणून मी गप्प बसायचे. कधी कधी हेवाही वाटायचा.

सत्तावीस वर्षं कानाला हेडफोन लावल्याचं व्हायचं तेच झालं. आधी दाराची घंटा गेली, मग पाखरं, मग आमची बोलणी. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला, रेघ उजवीकडे घसरत गेलेली. दादाला आलेखाची गरज नव्हती. हाक चार वेळा यायची ती तीन वेळा येऊ लागली, मग दोन. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी तो चारच्या ठोक्याला बसला, उठला आणि जेवायला आला नाही. मी विचारलं तर म्हणाला, आज गाणं नुसतंच संपलं.

इथे माझ्या लेकीबद्दल सांगावं लागेल. ती वीस वर्षांची आहे. दुसऱ्या वर्षाला असताना तिने कॉलेजला जाणं थांबवलं. काही घडलं म्हणून नाही, निदान मला कळेल असं काही नाही. एका सोमवारी उठली नाही, मंगळवारी उठली नाही. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, दुसरे डॉक्टर झाले. अंघोळीला लावायला दोन तास लागायचे. मी काय बोलत नव्हते? सगळं नीट होईल, तुझ्यासारख्या कितीतरी जणी असतात, हे वर्ष गेलं तर जाऊ दे. एकदा ती म्हणाली, "तुला कसं माहीत नीट होईल?" मला माहीत नव्हतं. मी तरी पुन्हा तेच म्हणाले.

तिला खोलीबाहेर काढलं ते दादाने, आणि तेही काढायचं म्हणून नाही. त्याने फक्त कामासाठी माणूस मागितला. तिच्या दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, माझे कान गेले. तुमचे कान पाच मिनिटं उसने द्याल का? आवाज येतो का तेवढं सांगा. येत नसेल तर येत नाही म्हणा, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका." तो लहानपणापासून तिला साहेबच म्हणतो.

ती उठली. हेडफोन लावून बसली. मी दाराच्या फटीतून पाहत होते. गाणं संपलं असावं, कारण तिच्या भुवया जवळ आल्या, आणि मग तिने एक बोट वर केलं. पुन्हा केलं. चार वेळा. दादा तिच्या बोटाकडे बघत होता. आता तो कानांनी नाही, तिच्या बोटाने ऐकत होता.

त्या दिवसापासून दीड वर्षं तो नेम चालला. चारला जायचं म्हणून ती साडेतीनला तोंड धुवायची, पुढे पुढे अंघोळ करायची. आल्यावर चहा घ्यायची. मामाच्या आणि तिच्या गप्पा चालायच्या, ती कागदावर लिहायची आणि तो बोलायचा. एकदा स्वयंपाकघरात उभी राहून तिने मला तो आवाज समजावून सांगितला. म्हणाली, ज्याने गाणं केलं त्यालाही माहीत नसेल की तो आवाज तिथे आहे, म्हणूनच तो खरा वाटतो. एवढं लांबलचक वाक्य तिच्या तोंडून मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. पोळी तव्यावर करपली तरी मी उलटली नाही.

हे असंच चालू ठेवायचं होतं. मला एवढंच करायचं होतं की काही करायचं नाही.

पण गेल्या महिन्यात ती चहा पिता पिता सहज म्हणाली, "सगळं बंद झाल्यावरच खरं सुरू होतं, आई. मधे आपण उगाच गोंगाट करत बसतो." चेहऱ्यावर दुःख नव्हतं. उलट शांत होती. मी त्याच दिवशी घरातल्या तिच्या गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या. गच्चीच्या दाराला कडी लावली. दोन-तीन दिवस मी तिच्या मागे सावलीसारखी फिरले. मग मला वाटू लागलं की हे सगळं त्या गाण्याने केलंय. म्हातारा माणूस आपल्या मेलेल्या बायकोसाठी जे ऐकतो, ते वीस वर्षांच्या पोरीने का ऐकावं? तो आवाज नाहीच, असं कुणीतरी तिला दाखवायला हवं, असं मी ठरवून टाकलं.

दोघं दुपारी झोपलेली असताना मी कॅसेट पर्समध्ये टाकली आणि जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या एका माणसाकडे गेले. लग्नाच्या, बारशाच्या टेपांचा ढीग लावून बसलेला, बोलका माणूस. मी त्याला पहिल्या बाजूचा शेवट ऐकायला सांगितला. त्याने ऐकला आणि लगेच हसला. म्हणाला, बाई, ही गळती आहे, दुसरी बाजू झिरपली आहे इथे. थांबा, गंमत दाखवतो. त्याने तेवढा तुकडा कापला, आवाज वाढवला आणि उलटा करून लावला.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं नाचाचं आहे. ते सुरू व्हायच्या आधी ढोल वाजवणारा पोरगा इतरांना इशारा देतो. एक, दोन, तीन, चार.

एवढंच होतं ते. दुकानदाराने पुन्हा लावून दाखवलं. त्याला वाटलं मला मजा येते आहे.

घरी आल्यावर मी दादाला गच्चीत नेलं. त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, हे तू तिला सांग. तुझं ऐकेल ती. तो बिघाड होता असं सांग, म्हणजे तिच्या डोक्यातून ते जाईल.

दादाने विचारलं, "कितीपर्यंत मोजतो?"

"चारपर्यंत."

"बस?"

मी मान हलवली. तो समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे वळला. मग म्हणाला, "मला कळलं होतं, चिमणे. टेबलावर, पहिल्याच क्षणी. हे ओळखायलाच तर मला बसवलं होतं तिथे. हात वर करायचा होता, नाही केला. मग ते विसरायला मला सात-आठ वर्षं लागली. तू एका मिनिटात आठवून दिलंस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. मी म्हणाले, पोरीचा विचार कर. तो म्हणाला, तोच करतोय.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मीही त्या खोलीत गेले. तो तिला सांगणार आणि मी तिच्याजवळ असणार, असं मी मनाशी धरून चालले होते. लेक आली, स्टुलावर बसली आणि हेडफोनसाठी हात पुढे केला. दादाने हेडफोन तिला दिला नाही, स्वतःच्या कानाला लावला. म्हणाला, "साहेब, आज माझी पाळी. आज जरा बरं ऐकू येतंय मला." त्याने प्लेअरचं बटण दाबलं, डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले. मला कळेना हा काय करतो आहे. गाणं जेवढं लांब आहे तेवढा वेळ तो तसाच बसला. मग त्याचा चेहरा उजळला, म्हणजे त्याने तो उजळवला, आणि म्हणाला, "आला. चारही वेळा आला. आता तुम्ही नाही ऐकलं तरी चालेल. आता माझं मी ऐकतो. तुम्ही कॉलेजला जा."

मला तेव्हा समजलं. त्याला त्या आवाजाचं ओझं तिच्यावरून काढून घ्यायचं होतं, आणि आवाजही मोडायचा नव्हता. सांगितलं असतं तर दोघांचंही गेलं असतं. म्हणून तो खोटं बोलत होता, आयुष्यात दुसऱ्यांदा.

लेक प्लेअरकडे पाहत होती. मीही पाहिलं. दादाकडून चालू करायच्या बटणाबरोबर शेजारचं थांबवायचं बटणही दाबलं गेलं होतं. टेपची चाकं स्थिर होती. गाणं सुरूच झालं नव्हतं. कान धड असलेल्या माणसाला हे पहिल्या सेकंदाला कळलं असतं.

तिने ते बटण सोडवलं नाही. माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "आई, तू काय सांगितलंस याला?"

मी सांगितलं. दुकान, गळती, चारपर्यंत मोजणं, सगळं. ती ऐकत होती. दादाला ऐकू येत नव्हतं, तो आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता, अजून तसाच हसरा चेहरा ठेवून. माझं संपल्यावर ती म्हणाली, "मोजत होता तर मोजत होता. तो आवाज कुणाचा का असेना, मला त्याचं काही नव्हतं. तुम्ही सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलता. हा एकटा तसं बोलत नव्हता."

मी म्हणाले, अगं, त्याने तुझ्यासाठीच केलं.

"हो ना," ती म्हणाली आणि उठून तिच्या खोलीत गेली.

याला आज एकोणीस दिवस झाले. ताट आत जातं, अर्धं बाहेर येतं. डॉक्टर घरी येऊन गेले, त्यांना तिने हो आणि नाही एवढीच उत्तरं दिली. गोळ्या वाढवल्या आहेत. यजमान रजा काढून आले, चार दिवस राहिले, जाताना म्हणाले, वेळ जाऊ दे. खोलीची आतली कडी आम्ही काढून टाकली आहे, पण ती पाठ करून झोपलेली असते आणि दार उघडलं की भिंतीशी सरकते, म्हणून मीच आता उघडत नाही.

दादाने तिला चिठ्ठी लिहिली होती. माझ्याकडून चूक झाली, साहेब, मी न ऐकता खूण केली, असं काहीतरी. ती दाराखालून आत सरकवली. दोन दिवस ती तिथेच फरशीवर, अर्धी आत अर्धी बाहेर होती. मग झाडताना मला उचलावी लागली.

कॅसेट तो आता लावत नाही. कशाला लावील? चार वाजले की खुर्ची घेऊन तिच्या दाराबाहेर येऊन बसतो. तिला बोलवत नाही, दार वाजवत नाही. थोड्या वेळाने मला हाक मारतो आणि विचारतो, आत काही आवाज येतोय का.

मी दाराला कान लावते. पंखा फिरत असतो. त्याशिवाय काही नसतं.

"येतोय," मी म्हणते.

त्याला ते ऐकू जात नाही. तो पुन्हा विचारतो. मग मला मोठ्याने सांगावं लागतं, आणि तेवढं मोठ्याने सांगितलं की ते आतही ऐकू जातं.